घरत मास्तर आणि मोअर सर

माणसाची जात विचारू नये असं आपण सगळेच म्हणतो आणि मग हळूच आडनाव विचारतो. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गुणाजी घरत मास्तर मात्र जात उघड उघड विचारायचे, बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. माणसाची नव्हे, शब्दाची. विद्यार्थी दिसला की हाक आलीच. “ए, इकडे ये. ‘ही रन्स फास्टर.’ फास्टरची जात?” पोरगं हातातली कोथिंबिरीची जुडी सावरत म्हणायचं, “क्रियाविशेषण, सर.” “आणि ‘फास्टर बोट’ म्हटलं तर?” “विशेषण.” “पळ.” एकदा पेणच्या गाडीत मागच्या बाकावर बसलेल्या जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी मान वळवून मोठ्यांदा “जात काय?” असं विचारलं, तेव्हा नवा कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबून म्हणाला, “मास्तर, गाडी सरकारची हाय. हितं असलं नाय चालत.” सगळी गाडी हसली. मास्तरही हसले, पण उत्तर घेतल्याशिवाय त्या पोराला सोडलं नाही.

मास्तर मूळचे धरमतरच्या खाडीकाठचे. बाप मिठागरावर टोपल्या वाहायचा, आई वाहायची, आणि गुणाजीही सुट्टीत वाहायचा. मिठाने तळपायाला पडलेल्या भेगा बी.ए.ची पदवी मिळाली तरी बुजल्या नव्हत्या. गावात मॅट्रिक झालेला पहिला माणूस तो, आणि इंग्रजीत शिव्या सोडून दुसरं काही बोलू शकणाराही तोच. या पहिलेपणाची सवय फार वाईट. पहिल्या पोळीला तूप लागतं, मग तिला वाटायला लागतं की तूप तिच्याच नावाचं आहे.

शाळेत दहावीचं इंग्रजी म्हणजे घरत मास्तर, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. हेडमास्तर बदलले, इमारतीला वरचा मजला चढला, धाटावच्या कंपन्यांमुळे गावात परप्रांतीय पोरं आली, पण दहावीच्या वेळापत्रकात इंग्रजीपुढे ‘घ’ हे अक्षर कायम राहिलं. आणि मास्तर शिकवायचेही चांगलं, उगाच कशाला नाकारा. तुलनेची वाक्यं हा तर त्यांचा हातखंडा. ‘मोअर’ शिकवताना ते म्हणायचे, “हा एकच गडी तीन जातींत वावरतो. ‘मोअर सॉल्ट’ म्हटलं की विशेषण. ‘मोअर ब्यूटिफुल’ म्हटलं की क्रियाविशेषण. आणि ‘गिव्ह मी मोअर’ म्हणून ताट पुढे केलंत की सर्वनाम. तेव्हा तोंड बघून जात ठरवू नका. तो वाक्यात काय काम करतो ते बघा.” आणि ‘दॅन’ आला की आवाज खाली यायचा. “दॅनच्या पुढे एक अख्खं वाक्य झोपलेलं असतं. त्याला उठवा. ‘ही इज टॉलर दॅन आय.’ दॅन आय काय? दॅन आय अ‍ॅम. तेव्हा दॅनची जात कोणती? उभयान्वयी.” पोरं माना डोलवायची. अर्ध्यांना कळायचं, अर्ध्यांना नुसतं गोड वाटायचं.

अशा या सुखी संसारात मोरू आला.

मोरू म्हणजे मोरेश्वर ठाकूर. मास्तरांच्याच गावचा, त्यांच्याच आळीतला. बाप लवकर गेला, आई कमळीने मिठागरावर राबून वाढवला. आठवीत असताना त्याला मास्तरांनीच रोह्याला आणलं, आपल्या खोलीवर ठेवून घेतलं, दहावीला पुढे बसवून इंग्रजी शिकवलं. पोरगा पास झाला तेव्हा मास्तरांनी पेणच्या स्टँडवर दिसेल त्याला सांगितलं होतं, “माझा विद्यार्थी.” पुढे तो मुंबईला शिकला, पुण्याला बी.एड. झाला, आणि त्र्याण्णवच्या जूनमध्ये त्याच शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झाला. मास्तरांनी स्वतः शब्द टाकला होता. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला सगळ्या वर्गांतून फिरवलं आणि म्हणाले, “माझा विद्यार्थी.” तेव्हाही ते खरंच आनंदात होते.

तो आनंद दिवाळीपर्यंत टिकला.

मोरूला नववी दिली होती. तो वर्गात खुर्चीवर बसायचाच नाही. पोरांना जोडीजोडीने उभं करून बोलायला लावायचा, कोळणीचं आणि गिऱ्हाइकाचं भांडण इंग्रजीत करायला लावायचा. ‘चीपर’, ‘फ्रेशर’, ‘बिगर’ असे शब्द नववीच्या खोलीतून मासळीबाजारासारखे उसळायचे. पोरं त्याला मोरेश्वर सर म्हणायची, मग घाईत मोरे सर झालं, आणि एका दिवशी कुणा वात्रटाने त्याचं ‘मोअर सर’ केलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण फळ्यावर रोज तक्ता असायचा, ‘मच, मोअर, मोस्ट’. मोअर सर मिळाल्यावर पोरं मच शोधायला लागली. शोधायला लांब जायची गरज नव्हती. दहावीच्या वर्गात होतेच.

मास्तरांच्या कानावर हे पहिल्यांदा आलं ते मुतारीच्या भिंतीआडून. “मच सर आले, पळ.” क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. नाव ठेवलं म्हणून नाही. मास्तरांना पूर्वी ‘पेडगावचा इंग्रज’ असंही नाव होतं, ते त्यांनी हसून घेतलं होतं. पण मच हा शब्द एकटा कधी उभा राहतो का? मच म्हटलं की पुढची पायरी मोअर, आणि ती पायरी तुमच्यापेक्षा वरची. हे त्यांनीच जन्मभर शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मास्तरांना ‘पेक्षा’ ऐकू यायला लागलं. चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये, स्टेशनवर. “मोरेश्वर सर घरत सरांपेक्षा...” एवढं ऐकलं की पुढचं ऐकायची गरज राहायची नाही. पुढे ‘बुटके आहेत’ असंही असू शकलं असतं. मोरूने जुनी स्कूटर घेतली तर मास्तरांना आपली छत्री जुनी वाटायला लागली. मोरूच्या खोलीबाहेर संध्याकाळी पोरांच्या चपला दिसल्या की ते मनातल्या मनात त्या मोजायचे आणि मग आपल्या दाराशी बघायचे. तिथे स्वतःच्याच चपला. मोरू समोर आला की वाकून नमस्कार करायचा, आणि तो नमस्कारही त्यांना टोचायचा. एवढं वाकायचं कशाला? वाकणारा उंच असतो तेव्हाच वाकणं दिसतं.

बायको नंदा हे सगळं बघत होती. एका रात्री मास्तर ताटावर बसून म्हणाले, “हल्ली जेवण पचत नाही गं. पोटात दुखतं.” तिने भात वाढला आणि म्हणाली, “तुमच्या पोटदुखीवर ओवा नाय चालायचा. मोरूला बदली मिळाली तरच उतरंल ती.” मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर गप्प बसली असती. नंदाने वर आमटीही वाढली.

नववी आणि दहावीच्या खोल्यांमध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. पंचाण्णवच्या जानेवारीत एका दुपारी मास्तर पोरांना उतारा लिहायला देऊन त्या पार्टिशनला पाठ टेकून उभे होते. उभे कसले, कान लावून होते. पलीकडे मोरू तुलनेची वाक्यं शिकवत होता.

“‘द सूनर, द बेटर.’ नमिता, मराठीत सांग.”

नमिता म्हणजे धाटावच्या कंपनीत पाळ्या करणाऱ्या एका कामगाराची मुलगी, वर्गातली हुशार. ती म्हणाली, “जितक्या लवकर, तितकं बरं.”

“बरोबर. मग इथल्या ‘द’ची जात कोणती?”

“आर्टिकल,” सगळा वर्ग ओरडला.

“नाही,” मोरू म्हणाला. “‘द बुक’ म्हणताना आर्टिकल. इथं द कुठली वस्तू नाही दाखवत. ‘जितकं’ आणि ‘तितकं’ दाखवतोय. म्हणजे इथं तो क्रियाविशेषण.”

मास्तरांच्या छातीत काहीतरी उजळलं. सापडला. द म्हणे क्रियाविशेषण. द हे जन्माचं आर्टिकल, अगदी पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असलेलं, आणि हा पुण्याहून शिकून आलेला शहाणा त्याला क्रियाविशेषणात बसवतोय. दीड वर्ष ते या चुकीची वाट पाहत होते, आणि आता ती आयती पार्टिशनमधून चालत आली होती. त्यांनी तास संपायचीही वाट पाहिली नाही.

हेडमास्तर हैबतराव वर्षअखेरीला निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांना आता कशातच रस नव्हता. ते स्टाफरूममध्ये शेंगदाणे खात होते. मास्तर आत शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सर, नववीचं वाटोळं चाललंय. ‘द’ला क्रियाविशेषण शिकवतायत. उद्या ‘आणि’ला क्रियापद म्हणतील. माझ्याकडे दहावीत आल्यावर हे सगळं मला निस्तरावं लागतं.” स्टाफरूममधल्या इतर शिक्षकांनी वह्यांतून डोकी वर काढली. हैबतरावांनी मोरूला बोलावून घेतलं. तो आला, त्याने ऐकून घेतलं. हैबतराव उठले, कपाटातली जाडजूड डिक्शनरी काढली, धूळ फुंकली आणि ‘द’ उघडला. बराच वेळ बोट खाली खाली जात राहिलं. मग थांबलं.

“घरत,” ते म्हणाले, “आहे की हो. अ‍ॅडव्हर्ब दिलंय. उदाहरणही तेच. द सूनर, द बेटर.”

खोलीत कुणीतरी खोकलं. मास्तरांनी डिक्शनरी स्वतःकडे ओढली. छापील अक्षरं होती, बदलणार थोडीच. त्या क्षणी मोरूने काय करावं? त्याने नुसतं उभं राहावं, मनातून हसावं, निदान डोळ्यांत तरी विजय दाखवावा. म्हणजे मास्तरांना त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता. पण मोरू म्हणाला, “सर, दहावीच्या पेपरात पोरांनी आर्टिकल लिहिलं तरी मार्क कापत नाहीत. मीच जरा जास्त खोलात गेलो. घरत सरांचं बरोबर आहे.”

घाव सोसतो, पण घावावर कुणी फुंकर घातली की माणूस कोलमडतो. मास्तर स्टाफरूममधून बाहेर पडले ते थेट घरी. पोरांचा उतारा तसाच राहिला.

पुढे एप्रिलात प्रकरण पेटलं. नववीचा वर्ग दहावीत जाणार होता, आणि पालकसभेत नमिताचा बाप रात्रपाळी करून तसाच आला होता. डोळे लाल, अंगाला कंपनीचा वास. तो उठून म्हणाला, “आमचं म्हणनं येवढंच हाय. पोरांना मोरेश्वर सरच पायजेत. घरत सरांबद्दल आमचं कायबी वाईट नाय. पण पोरगी आता घरात इंग्लिश बोलाय लागली. आधी कुनीच बोलत नव्हतं.” आणखी चारपाच जणांनी माना हलवल्या. हैबतरावांनी जाता जाता वाईटपणा कशाला घ्या म्हणून निर्णय मे अखेरीवर ढकलला. दहावीचं इंग्रजी कुणाकडे, एवढाच प्रश्न होता, पण मास्तरांना तो आपल्या जिवाचा प्रश्न वाटला. दहावी गेली तर ते कोण? पाचवीच्या पोरांना ए बी सी डी घोकून घेणारा एक म्हातारा. आणि जिथे ‘घ’ होता तिथे आता ‘मो’ येणार.

म्हणून मास्तरांनी जे केलं ते केलं. आपण त्यांच्या बाजूचे असलो तरी ते चांगलं होतं असं म्हणता यायचं नाही.

मेच्या पहिल्या रविवारी ते पेणची एसटी धरून, तिथून पुढे खाडीकाठच्या आपल्या गावी गेले. स्वतःच्या घरी पाणी पिऊन निघाले ते सरळ मोरूच्या घरी. कमळी अंगणात जवळ्याची सुकट वाळत घालत होती. वयाने मास्तरांपेक्षा मोठी, उन्हातान्हात मिठात राबून हात काळे पडलेले, पण बोलणं अजून खणखणीत.

“काय रं गुणाजी, आज वाट चुकलास काय?”

“वाट कशाला चुकू वयनी? तुला बघायला आलो.” मास्तर ओट्यावर बसले. इकडचं तिकडचं बोलले, मिठागरं कशी ओस पडत चालली, कुणाच्या सुनेचं काय झालं. मग हळूच मुद्द्यावर आले. “वयनी, तू एकटी हितं. उद्या हातपाय थकले तर कोन बघंल? पेणच्या शाळेत इंग्रजीची जागा निघतेय. मोरूने तिथं अर्ज करावा. संध्याकाळी घरी येईल. मी शब्द टाकतो.”

मास्तरांच्या तोंडात रोह्याची भाषा आणि गावची भाषा दोन्ही होत्या, आणि मतलबाच्या वेळी गावची आपोआप पुढे यायची. कमळीने जवळा पालथ्या हाताने पसरला. मांजर जवळ्यावर आलं, त्याला हाकललं.

“मोरूचं तू बघतोस, बरं हाय,” ती म्हणाली. “त्याला तुजंच कवतिक. माज्यापरास मोरू तुला जास्त मानतो रं.”

मास्तर पाणी पिऊन उठले आणि परतीच्या गाडीत बसले. वडखळ गेलं, नागोठणं आलं, आणि वाटेत कुठेतरी त्यांच्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. ‘माज्यापरास.’ हे ‘परास’ म्हणजे पेक्षा. बरं. मोरू तुला जास्त मानतो. कुणापेक्षा? झोपलेलं वाक्य कोणतं? ‘मोरू मला मानतो त्यापेक्षा तुला जास्त मानतो’, हा एक अर्थ. सरळ, गोड, आईच्या तोंडी शोभणारा. पण वाक्यात दुसरंही कुणी झोपलेलं असू शकतं. ‘मी तुला मानते त्यापेक्षा मोरू तुला जास्त मानतो.’ म्हणजे मी तुला तेवढं मानत नाही. म्हणजे तू आज का आलास ते मला कळलंय.

मास्तर गाडीत त्या वाक्याच्या मागे लागले. इंग्रजीत असतं तर सोडवता आलं असतं. ‘दॅन मी’ म्हटली असती तर पहिला अर्थ, ‘दॅन आय’ म्हटली असती तर दुसरा. पण खाडीकाठच्या मराठीत मी आणि मला यांचं ‘माज्यापरास’ होऊन जातं, आणि बाई तर कमळी, जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही. तिला विचारायला परत जाणार का? जन्मभर शब्दांच्या जाती ओळखणाऱ्या माणसाला एका म्हातारीचं एक वाक्य ओळखता येईना. रोह्याला उतरेपर्यंत त्यांची खात्री पटली होती की अर्थ दुसराच आहे. ज्याच्या मनात चोर असतो त्याला पहिला अर्थ परवडत नाही.

अर्ज मोरूने केला नाही. मे संपता संपता त्याने दुसरंच केलं. हैबतरावांनी मास्तरांना बोलावलं आणि मोकळेपणाने म्हणाले, “घरत, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ठाकूर येऊन गेला. म्हणाला, घरत सर शाळेत आहेत तोवर मी दहावी घेणार नाही. मला पाचवी द्या, पाया मी घालतो. पालकांना काय सांगायचं तेही तोच सांगणार आहे. मग दहावी तुमची.”

मास्तर उभे होते ते खुर्चीवर बसले. दहावी मिळाली होती. दोन वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते वेळापत्रकातलं ‘घ’ जागच्या जागी राहिलं होतं, आणि त्यांना ते हातात घेववेना. लढून मिळालं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. एखाद्याने पंगतीत आपल्या पानातला लाडू उचलून तुमच्या पानात टाकावा, तसं हे होतं. तोंडात घालवत नाही आणि टाकताही येत नाही.

बाहेर मोरू स्कूटरला किक मारत होता. ती सुरू होत नव्हती. मास्तर त्याच्याजवळ गेले. बोलायचं बरंच होतं, विचारलं एवढंच, “गावी जाऊन आलास का रे?”

“हो सर. आईने सांगितलं, तुम्ही आला होतात. पालकसभेचं तिला ठाऊक होतंच.” त्याने पुन्हा किक मारली. “ती म्हणाली, मास्तरांस धावी पायजे, दिऊन टाक.”

म्हणजे दुसरा अर्थ खरा होता. आणि पहिलाही खरा होता, कारण पोराने मास्तरांसाठी दहावी खरंच देऊन टाकली होती. मोरूच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मास्तर तो शोधत होते. सापडला असता तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती. स्कूटर अखेर सुरू झाली. मोरू म्हणाला, “सर, मागे बसा, घरी सोडतो.” मास्तर म्हणाले, “नको, मी चालत जाईन.” आणि उन्हातून चालत गेले. वाटेत कुणाही पोराला त्यांनी जात विचारली नाही.

नंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग झालं ना तुमच्या मनासारखं?” मास्तर म्हणाले, “झालं.” तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ओव्याची डबी त्यांच्यापुढे सरकवली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दहावीचा वर्ग गप्प होता. घरत मास्तरांना भिऊन नव्हे, नाराजीने. मास्तरांना ते कळत होतं. पार्टिशनच्या पलीकडे आता नववी नव्हती, पाचवी आणली होती, आणि तिथून मोरूचा आवाज यायचा. पाचवीची पोरं ‘बिग, बिगर’ म्हणताना हात पसरून दाखवायची, त्याचा कल्ला इकडे यायचा. दहावीची पोरं त्या बाजूला कान देऊन बसायची. मास्तरांनी ते पाहिलं आणि हेवा पुन्हा जागा झाला. हो, अजूनही. मिळालेली दहावी, पलीकडे गेलेली पाचवी, आणि तरी हेवा. तो त्यांना सोडून कुठे जाणार होता?

पहिल्या आठवड्यात एका सरावाच्या वाक्यात आलं, ‘रिस्पेक्ट युअर एल्डर्स अँड बेटर्स.’ मास्तर नेहमीसारखे म्हणाले, “वडीलधाऱ्यांचा आदर करा. पुढचं.”

नमिता उभी राहिली. या वर्षी पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं होतं. “सर, बेटर विशेषण ना? गुडचं बेटर. मग त्याला एस कसा लागला? विशेषणाला एस लागत नाही.”

मास्तर थांबले. प्रश्न चांगला होता, आणि तो कुणी विचारायला शिकवला होता तेही त्यांना कळलं. पण उत्तर त्यांना येत होतं. येत होतं याचा त्यांना बऱ्याच दिवसांनी आनंद झाला.

“बस. ऐका,” ते म्हणाले. “एस लागला कारण इथं तो विशेषण नाही. नाम आहे. आपल्याहून जो थोर असतो तो आपला बेटर. अनेक असले की बेटर्स.”

“म्हणजे एकाच माणसाला पण म्हणता येतं?”

“येतं.”

“वाक्य सांगा ना सर.”

एरवी मास्तरांच्या उदाहरणांत बाप असायचा, राजा असायचा, कधी श्रावणबाळ असायचा. त्या दिवशी पलीकडे मोरू पाचवीला काहीतरी हसवत होता. मास्तरांनी खडू उचलला. सुवाच्य अक्षरात वाक्य लिहिलं. ‘मोरेश्वर इज माय बेटर.’ लिहिताना त्यांना मोरूचा हेवा वाटत होता. आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका वाटत होता.

वर्गात कुणी लिहून घेईना. पोरांना वाटलं, सर चुकले. सर कधी चुकत नाहीत म्हणून कुणी बोलायला धजेना. शेवटी नमिताच हळूच म्हणाली, “सर, दॅन राहिलं.”

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“राहिलं नाही,” ते म्हणाले. “इथं दॅन लागत नाही. लिहून घ्या, जात नाम.”